गणपती ते दिवाळीच्या मधली सुट्टी: ग्रीसच्या बेटांचा बेत पायरी पायरीने

गणपती विसर्जन झालं की आपल्याकडे दोन गोष्टी सुरू होतात: ऑक्टोबर हीट आणि दिवाळीच्या गर्दीआधी कुठेतरी जाऊन येण्याची घाई. नेमक्या याच दिवसांत एजियन समुद्रातल्या ग्रीक बेटांवर वर्षातली सगळ्यात सुखाची हवा असते. जुलै-ऑगस्टची भाजणारी उन्हं आणि पर्यटकांची झुंबड ओसरलेली असते. दिवसाचं तापमान २५ ते २८ अंशांच्या घरात असतं. उन्हाळाभर तापलेला समुद्र अजून कोमट असतो, कारण पाणी जमिनीपेक्षा उशिरा थंड होतं. सप्टेंबरमध्ये पाण्याचं तापमान साधारण २४ अंश असतं, म्हणजे थंडी न वाजता तासभर डुंबता येतं.

ही सहल टूर कंपनीशिवाय, आपली आपण आखता येते. अवघड काहीच नाही, फक्त कामांचा क्रम चुकला की पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात. व्हिसा हातात नसताना परत न मिळणारं तिकीट काढणं, आठ दिवसांत पाच बेटं कोंबणं आणि परतीच्या विमानाच्या दिवशीच बेटावरून निघणं, हे तीन घोटाळे ओळखीतल्या कितीतरी जणांच्या बाबतीत पाहिले आहेत. म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत, त्याच क्रमाने करा.

१. आधी तारखा, मग बाकी सगळं

मधला सप्टेंबर ते १० ऑक्टोबर हा काळ डोळे मिटून घ्यावा असा आहे. त्याआधी गेलात तर ‘मेल्टेमी’ नावाचा उत्तरेचा कोरडा वारा गाठतो. तो जुलै-ऑगस्टमध्ये जोरात असतो आणि सप्टेंबरच्या मध्यापासून मंदावतो. मधल्या ऑक्टोबरनंतर पावसाची शक्यता वाढते, बोटी कमी होतात आणि छोट्या बेटांवरची हॉटेलं, खानावळी एकेक करून हंगाम आवरू लागतात. नोव्हेंबरमध्ये सायक्लेड्स या बेटसमूहात अर्धी गावं बंद दिसतात.

ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांची इथे पंचाईत होते, कारण दिवाळीची सुट्टी बहुतेक वर्षी ऑक्टोबर अखेरीस किंवा नोव्हेंबरात येते. तुमच्या शाळेची सुट्टी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होत असेल तर दक्षिणेकडचं क्रीट किंवा रोड्स निवडा. तिथे ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत पोहता येण्याइतकी ऊब असते. सुट्टी नोव्हेंबरात पडत असेल, तर ग्रीसची बेटं पुढच्या वर्षासाठी ठेवा. ओढूनताणून जाण्यात अर्थ नाही.

आणि एक घरगुती गोष्ट. हे दिवस पितृपक्ष आणि नवरात्राचे असतात. घरी घट बसत असतील, नवमीचं कुळधर्माचं जेवण असेल किंवा पक्षात प्रवास नको असं वडीलधाऱ्यांचं म्हणणं असेल, तर ते तिकीट काढण्याआधी विचारून घ्या. पंचांग समोर ठेवून पाच मिनिटांत निकाल लागतो.

२. बेटं निवडा, आणि कमी निवडा

माझं म्हणणं स्पष्ट आहे: दहा दिवसांच्या सुट्टीत दोन बेटं. फार तर तीन, आणि तीही एकाच समूहातली. एका बेटावरून दुसऱ्यावर जाणं म्हणजे बोटीचे दोन तास नव्हेत. खोली सोडणं, बंदरावर थांबणं, बोट उशिरा येणं, नव्या ठिकाणी सामान ठेवायला जागा शोधणं यात सबंध दिवस जातो. पाच बेटं करणाऱ्यांच्या फोटोंत बंदरंच जास्त दिसतात.

नकाशावर ही बेटं जवळ दिसतात, पण बोटी समूहानुसार चालतात. सायक्लेड्स समूहात नॅक्सॉस, पारोस, सँटोरिनी, मिकोनोस येतात. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळच्या डोडेकनीज समूहात रोड्स, कॉस आणि सिमी. क्रीट हे स्वतंत्र, मोठं प्रकरण. पश्चिमेकडच्या आयोनियन समूहातली कॉर्फूसारखी बेटं हिरवीगार आहेत, पण ती हिरवी आहेत कारण तिथे पाऊस लवकर आणि जास्त पडतो. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या वाटेला जाऊ नका.

सँटोरिनी सगळ्यांनाच बघायची असते आणि ती बघावीच. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक होऊन बेटाचा मधला भाग समुद्रात खचला. आज पांढरी घरं ज्या कड्यावर टांगलेली दिसतात, तो त्या विवराचा काठ आहे. दक्षिणेला अक्रोतिरी इथे त्या राखेखाली गाडलं गेलेलं गाव उत्खननात सापडलं आहे. त्यावर छप्पर घातलेलं असल्यामुळे भर दुपारीही आरामात बघता येतं. पण सँटोरिनी महाग आहे, क्रूझचे प्रवासी दिवसा गल्ल्या भरून टाकतात आणि समुद्रस्नानासाठी तिचे काळ्या वाळूचे किनारे तितकेसे खास नाहीत. दोन रात्री पुरतात. ‘फिरा’ या गावापासून ‘इया’ गावापर्यंत कड्याच्या काठाने जाणारी सुमारे १० किलोमीटरची पायवाट सकाळी लवकर चाला. बेटाचं खरं रूप तिथून दिसतं.

राहण्यासाठी माझी पसंती नॅक्सॉसला. सायक्लेड्समधलं हे सगळ्यात मोठं बेट आणि इथे पर्यटनाशिवायही जगणं आहे: शेती, बटाटे, चीज, संगमरवराच्या खाणी. बोट बंदरात शिरताना डाव्या हाताला टेकाडावर एक अवाढव्य संगमरवरी चौकट उभी दिसते. ती ‘पोर्तारा’. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात अपोलोचं देऊळ बांधायला घेतलं होतं, ते पूर्ण झालंच नाही आणि दार तेवढं राहिलं. आयियोस प्रोकोपियोस आणि प्लाका हे लांबलचक, स्वच्छ वाळूचे किनारे गावातून बसने गाठता येतात. डोंगरातलं अपिरांथोस गाव, तिथल्या संगमरवराने फरसबंद केलेल्या गल्ल्या आणि हजार मीटरहून थोडा उंच झास डोंगर यांसाठी एक दिवस ठेवा.

क्रीट निवडलंत तर मात्र दुसऱ्या बेटाचा विचार सोडा. हे बेट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर पसरलं आहे. हानिया ते हेराक्लिऑन एवढ्याच अंतराला गाडीने दोन-अडीच तास लागतात. आठवडाभर असेल तर पश्चिमेचा अर्धा भाग घ्या: हानियाचं जुनं बंदर, एलाफोनिसी आणि बालोसचे किनारे आणि पाय साथ देत असतील तर १६ किलोमीटरची समारिया घळ. ही घळ साधारण मे ते ऑक्टोबर खुली असते आणि जोराचा पाऊस आला की बंद ठेवतात. इतिहासाची आवड असलेल्यांनी हेराक्लिऑनला मुक्काम करून क्नोसोसचा राजवाडा आणि तिथलं पुरातत्त्व संग्रहालय बघावं.

आई-बाबा किंवा सासू-सासरे बरोबर असतील तर रोड्स सगळ्यात सोयीचं. तटबंदीतलं मध्ययुगीन शहर १९८८ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे, ते बरंचसं सपाट आहे आणि बसायला जागोजागी सावली मिळते. गल्ल्या गोट्यांच्या आहेत, तेवढे चांगल्या तळव्याचे बूट हवेत. गुडघे दुखणाऱ्यांना सँटोरिनीच्या कड्यावरच्या खोलीत ठेवू नका. तिथल्या कित्येक खोल्यांपर्यंत साठ-सत्तर पायऱ्या उतरून जावं लागतं आणि बुकिंगच्या पानावरच्या फोटोत त्या दिसत नाहीत. मालकाला मेसेज करून पायऱ्या किती, हे सरळ विचारा.

३. व्हिसा: अर्धी सहल इथेच ठरते

ग्रीस शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतं, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. नियमानुसार अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण अधिक तपासणी लागली तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. खरी अडचण त्याआधीची आहे: उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाही. मधल्या सप्टेंबरला निघायचं असेल तर जूनमधली तारीख गाठा, म्हणजे मे महिन्यातच संकेतस्थळ बघायला लागा.

व्हिसा केंद्राचा पत्ता ग्रीक दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. शोधयंत्रात वर येणारी कित्येक पानं एजंटांची असतात आणि फुकट मिळणाऱ्या अपॉइंटमेंटचे ते पैसे लावतात.

व्हिसा शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि सहा वर्षांखालच्यांना माफ आहे. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. १२ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. मागच्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर ते सहसा पुन्हा वापरले जातात.

ही कागदपत्रं जमवा:

- पासपोर्ट: शेंगेनमधून परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, मागच्या दहा वर्षांत काढलेला, दोन कोरी पानं असलेला. जुने पासपोर्ट असतील तर तेही.
- भरलेला व सही केलेला अर्ज आणि ३५ × ४५ मिलिमीटरचे, अलीकडचे फोटो.
- विमानाचं जाण्या-येण्याचं आरक्षण.
- प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचं बुकिंग. एकही रात्र मोकळी दिसता कामा नये.
- किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा, संपूर्ण शेंगेनमध्ये आणि पूर्ण मुक्कामासाठी चालणारा प्रवास विमा.
- मागच्या काही महिन्यांचं बँक खातेपत्रक, बँकेच्या शिक्क्यासह. किती महिन्यांचं, ते केंद्राच्या यादीत बघा.
- आयकर विवरणपत्रं.
- नोकरी असेल तर पगारपत्रकं आणि कंपनीचं रजा मंजूर असल्याचं पत्र. व्यवसाय असेल तर जीएसटी किंवा दुकान नोंदणी. निवृत्त असाल तर पेन्शनचा पुरावा आणि ठेवींच्या पावत्या.
- मुलांसाठी जन्मदाखला. एकच पालक बरोबर असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र.
- दिवसागणिक बेत सांगणारं एक पानी पत्र.

आता यातले सापळे. अर्जाच्या आधी खात्यात अचानक मोठी रक्कम भरू नका. मामाने दोन लाख टाकले आणि आठ दिवसांनी परत घेतले, हे खातेपत्रकात लख्ख दिसतं. शिल्लक बेताची असली तरी नियमित पगार आणि नियमित खर्च दिसणारं खातं जास्त वजनदार ठरतं. आई-बाबांचा खर्च तुम्ही करत असाल तर तसं पत्र द्या, तुमची आर्थिक कागदपत्रं जोडा आणि नातं सिद्ध करणारा दाखलाही लावा.

मराठी दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर जोडा. लग्नाचा दाखला, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, मालमत्तेसाठी सातबारा लावणार असाल तर तोही. मूळ कागद कितीही पक्का असला तरी वाचता आला नाही तर उपयोग शून्य.

आपल्या नावांची एक खास गोम आहे. पासपोर्टवर बऱ्याच जणांचं स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. विमानाचं तिकीट, विमा, हॉटेल सगळीकडे पासपोर्टवरच्याच क्रमाने आणि स्पेलिंगने नाव घाला. लग्नानंतर बँकेत नवीन आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला जोडून पत्रात एक ओळ लिहा.

एकापेक्षा जास्त शेंगेन देश करणार असाल तर जिथे सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज. रोममार्गे स्वस्त तिकीट मिळालं म्हणून तिथे दोन रात्री थांबणार असलात तरी अर्ज ग्रीसकडेच. ज्यांनी मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन नीट वापरले आहेत, त्यांना २०२४ च्या एप्रिलपासूनच्या नियमाने दोन वर्षांचा, अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा मिळू शकतो. तुम्ही त्यात बसत असाल तर जुन्या व्हिसांच्या प्रती वरच लावा.

४. विमान: व्हिसाआधी आरक्षण, व्हिसानंतर पैसे

व्हिसासाठी विमानाचं आरक्षण लागतं, पैसे भरलेलं तिकीट नव्हे. विमान कंपनी किंवा एजंटकडून काही दिवस धरून ठेवलेलं आरक्षण घ्या किंवा पूर्ण परतावा मिळणारं तिकीट काढा. बनावट पीएनआर विकणाऱ्यांपासून लांब राहा. तो तपासला जातो आणि अर्ज फेटाळला की त्याची नोंद राहते.

मुंबईहून अथेन्सला आखातातल्या शहरांतून किंवा इस्तंबूलमार्गे जोडविमानं मिळतात. विमान बदलायला दोन तासांपेक्षा कमी वेळ असलेलं तिकीट घेऊ नका. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या, म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची जबाबदारी कंपनीची.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पासपोर्टवर शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करतात. पहिल्या खेपेला रांगेत जास्त वेळ जातो. त्यामुळे अथेन्सला उतरून त्याच दिवशी बोट पकडायचा हट्ट करू नका.

५. बोटी: वाऱ्यासमोर कोणाचं चालत नाही

या सहलीचा कणा म्हणजे बोटी. अथेन्सचं मुख्य बंदर पिरेयस. विमानतळावरून मेट्रोची तीन क्रमांकाची निळी लाईन थेट तिथपर्यंत जाते, तिकीट ९ युरो. एक्स-९६ बस रात्रंदिवस चालते. राफिना हे दुसरं बंदर विमानतळाला जवळ आहे आणि मिकोनोसकडे जाणाऱ्यांना सोयीचं पडतं.

बोटी दोन प्रकारच्या. मोठ्या, सावकाश जाणाऱ्या बोटीवर उघडा डेक असतो, उपाहारगृह असतं, ती कमी हलते आणि तिकीट स्वस्त असतं. वेगवान बोट लहान असते, आत बंद खुर्च्या असतात आणि लाटांमध्ये पोट ढवळतं. पिरेयस ते नॅक्सॉस मोठ्या बोटीने साधारण साडेपाच तास, नॅक्सॉस ते सँटोरिनी दोनेक तास. क्रीटला रात्रीची बोट घ्या आणि केबिन घ्या. रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचतात आणि सकाळी ताजेतवाने उतरता. बोट लागणाऱ्यांनी उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची. लाटा सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

पिरेयस अवाढव्य आहे. धक्के ई-१ ते ई-१२ अशा दरवाजांत विभागलेले आहेत आणि चुकीच्या दरवाजाशी उतरलात तर योग्य दरवाजापर्यंत बॅगा ओढत अर्धा तास चालावं लागू शकतं. तिकिटावर दरवाजा छापलेला असतो, तरी आदल्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा. सुटण्याच्या तासभर आधी पोहोचा.

उतरण्याचा प्रकार पहिल्यांदा बघणाऱ्याला गांगरवतो, म्हणून नीट सांगते. बेट जवळ आलं की ग्रीकमध्ये आणि मग इंग्रजीत घोषणा होते. सगळे बॅगा घेऊन खाली, गाड्या ठेवतात त्या मजल्यावर उतरतात. तिथे ट्रक, मोटारसायकली, डिझेलचा वास आणि बॅगा धरून उभे असलेले शंभर-दोनशे लोक. सामानाच्या मांडण्यांवर बेटांच्या नावाच्या पाट्या असतात, चढताना आपल्या बेटाच्या पाटीखालीच बॅग ठेवायची. बोट मागच्या बाजूने धक्क्याला लागता लागताच साखळ्यांचा खडखडाट करत लोखंडी फळी खाली येते, शिट्ट्या वाजतात आणि दहा मिनिटांत उतरणं-चढणं संपवून बोट पुढे जाते. मुलांचा हात धरा, घोषणा झाली की लगेच खाली जा. वर कॉफी संपवत बसलात तर पुढच्या बेटावर उतराल.

वारा साधारण ८ बोफर्टपर्यंत (बोफर्ट हे वाऱ्याचा जोर मोजायचं माप) चढला की बंदराचे अधिकारी बोटी थांबवतात. लहान वेगवान बोटी त्याआधीच रद्द होतात. मधल्या सप्टेंबरनंतर असं वरचेवर होत नाही, पण होतं. बोट रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत किंवा पुढच्या बोटीत जागा, हा युरोपीय नियमाने मिळालेला हक्क आहे. बंदरावरच्या तिकीट खिडकीवर जाऊन तो मागा. तुमचं विमान मात्र थांबणार नाही. त्यासाठी एकच उपाय आहे: परतीच्या विमानाच्या आदली रात्र अथेन्समध्ये. खरं तर दोन रात्री असतील तर उत्तम. जपून ठेवलेला हा दिवस वाया जात नाही, अक्रोपोलिस बघून होतं. त्याचं तिकीट एप्रिल २०२५ पासून ३० युरो आहे आणि वेळ ठरवून आधी काढावं लागतं.

ऑक्टोबरच्या बोटींची वेळापत्रकं उशिरा जाहीर होतात. ऑगस्टपर्यंत काही दिसलं नाही तर घाबरू नका. व्हिसाला बोटीचं तिकीट लागत नाही, बेताच्या पत्रात बेटांचा क्रम लिहिला की पुरे.

६. मुक्काम

व्हिसा येईपर्यंत फक्त मोफत रद्द करता येणारी बुकिंगं करा. व्हिसा मिळाल्यावर हवं तर स्वस्त, परतावा नसलेल्या खोलीकडे वळा. मात्र अर्जात दाखवलेल्या मुक्कामाशी अगदीच विसंगत बेत करू नका. सीमेवर विचारू शकतात.

खोलीच्या भाड्याबाहेर एक सरकारी आकार जागेवर द्यावा लागतो. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात दर खोलीमागे दर रात्री तीन तारांकित हॉटेलात ५ युरो, चार तारांकितात १० आणि पंचतारांकितात १५ युरो. आठवड्याच्या हिशेबात हे आधीच धरा. घर किंवा खोली खासगी मालकाकडून घेत असाल तर जाहिरातीत ‘एएमए’ नोंदणी क्रमांक आहे ना, ते पाहा. नसेल तर ते घर सोडा.

बेटांवरच्या जुन्या सांडपाण्याच्या नळ्या अरुंद आहेत, म्हणून टॉयलेट पेपर शेजारच्या डब्यात टाकायचा असतो. आपल्यासाठी अडचण वेगळी: जेट स्प्रे कुठेच नसतो. घडीची छोटी बाटली बरोबर न्या. पिण्याचं पाणी अथेन्समध्ये नळाचं चालतं, सायक्लेड्सच्या बेटांवर बाटलीचं घ्या.

७. फिरायला बस की गाडी

नॅक्सॉस, सँटोरिनी, रोड्सवर सरकारमान्य ‘केटेल’ बस चांगल्या आहेत. नॅक्सॉसची बस बंदराच्या समोरूनच सुटते. सँटोरिनीत प्रत्येक मार्ग फिरावरून जातो. हंगाम उतरताना फेऱ्या कमी होतात, त्यामुळे शेवटच्या बसची वेळ उतरतानाच चालकाला विचारा.

क्रीटला गाडीशिवाय मजा नाही. त्यासाठी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतून काढा. परिवहन संकेतस्थळावर अर्ज, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. पासपोर्टची प्रत लागते. भाड्याच्या दुचाकीला आणि चारचाकी एटीव्हीलाही योग्य परवाना लागतो. दुकानदार विचारत नाही म्हणून चालवली आणि अपघात झाला, तर विमा हात वर करतो.

गाडी घेताना अनामत रक्कम क्रेडिट कार्डवर अडवली जाते. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी परकीय चलन भरून घेतलेलं कार्ड, बहुतेक ठिकाणी चालत नाही आणि काउंटरवरून रिकाम्या हाताने परतावं लागतं. विम्यात टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग धरला आहे का ते विचारा, कारण किनाऱ्यांकडे जाणारे रस्ते खडीचे असतात. बालोसच्या रस्त्यावर तर बहुतेक कंपन्यांचा विमा लागूच होत नाही. तिकडे किसामोस बंदरातून बोटीने जा. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची आहे हे पहिले दोन दिवस शेजारी बसलेल्याने दर चौकात सांगत राहायचं.

८. शाकाहाऱ्यांचं काय

छान निभतं. ग्रीक घरांत धार्मिक उपवासांची मोठी परंपरा आहे, त्यामुळे बिनमांसाचे पदार्थ अस्सल आणि चविष्ट असतात. सँटोरिनीचा ‘फावा’ मागवा: पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. ‘गिगांतेस’ म्हणजे टोमॅटोत शिजवलेले टपोरे पांढरे वाल. ‘ब्रिआम’ ही भाजलेली मिश्र भाजी. ‘स्पानाकोपिता’ पालक-चीजची खुसखुशीत पारी. क्रीटचा ‘दाकोस’ हा कडक टोस्टवर टोमॅटो आणि चीज घालून करतात.

‘होरीस क्रेआस’, म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. ‘निस्तीसिमो’ हा उपवासाचा पदार्थ, पण त्यात कोळंबी आणि माकूळ चालतात, म्हणून फक्त त्या शब्दावर विसंबू नका. ‘दोल्माडाकिया’ (द्राक्षाच्या पानांच्या भरलेल्या गुंडाळ्या) आणि ‘येमिस्ता’ (भरलेले टोमॅटो, ढोबळी मिरच्या) कधी नुसत्या भाताचे असतात, कधी खिम्याचे. दर वेळी विचारा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी.

घरचा खाऊ नेताना लक्षात ठेवा: युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, पनीर घरीच ठेवा. चिवडा, मेतकूट, भाजणी, उपम्याची कोरडी पाकिटं न्या.

९. पैसे आणि बॅग

युरोचं फॉरेक्स कार्ड, एक क्रेडिट कार्ड आणि थोडी रोख. कार्ड मशीन रुपयांत घेऊ की युरोत असं विचारतं, तेव्हा नेहमी युरो. रुपये निवडले की वाईट दर लागतो. पैसे काढायचे तर बँकेच्या भिंतीतलं एटीएम शोधा.

प्लगची भोकं गोल आणि भिंतीत खोल असतात. आपले बारीक दोन पिनांचे चार्जर चालतात, जाड तीन पिनांना अडॅप्टर लागतो. संध्याकाळी बोटीच्या डेकवर वारा बोचतो, एक पातळ जॅकेट हवंच. खडकाळ किनाऱ्यांवर पाण्यात काटेरी समुद्री अर्चिन असतात, रबरी बूट न्या. ऑक्टोबरमध्ये बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतो, मुलांना एकटं पाण्यात सोडू नका. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत. मेट्रोत खिसेकापूंपासून सावध राहा, पासपोर्ट अंगावरच्या पाकिटात ठेवा.

१०. परतताना

किनाऱ्यावरची वाळू, शिंपले, गोटे उचलून आणू नका. एलाफोनिसीसारख्या संरक्षित ठिकाणी ते बेकायदा आहे. जुन्या अवशेषांजवळचा खापराचा तुकडाही नको. ऑलिव्ह तेल, मध, ओरेगॅनो बंद डब्यात, तपासणीला देण्याच्या बॅगेत ठेवा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ग्रीसची घड्याळं एक तास मागे जातात. त्याआधी आपल्यात आणि त्यांच्यात अडीच तासांचा फरक असतो, नंतर साडेतीन तासांचा. त्या शनिवार-रविवारी बोट किंवा विमान असेल तर मोबाइलवरची वेळ बंदरावरच्या घड्याळाशी ताडून पाहा आणि विमानतळावर तीन तास आधी पोहोचा. सीमेवरची रांग परतीलाही असते.